अव्वांची खुर्ची

आमच्या ह्यांना गाण्याचं वेड. निवृत्तीचे पैसे हाती आले आणि हे गेल्या दिवाळीत कंबरेपर्यंत येणारे दोन उंची स्पीकर घेऊन आले. किंमत सांगत नाही. एवढ्यात दोन तोळ्यांच्या पाटल्या आल्या असत्या, असं मी तेव्हा बोलून गेले, तेवढं पुरे!

खरं तर खरेदी झाली सासूबाईंसाठी. आमच्या अव्वा धारवाडच्या, वय ऐंशीच्या पुढे. मल्लिकार्जुन मन्सूरांची वचनं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. अप्पा गेल्यापासून त्या हॉलमध्ये बसेनाशाच झाल्या होत्या. गाण्याच्या निमित्ताने तरी बाहेर येतील, हा ह्यांचा हेतू.

शोकेसच्या दोन्ही बाजूंना, अगदी कोपऱ्यात, स्पीकर उभे केले. सीडी लावली. अव्वा नेहमीप्रमाणे समोरच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. पाच मिनिटांत उठल्या. "बरी गद्दल! मातु केळसवल्दु," म्हणाल्या. नुसता गोंगाट, शब्दच ऐकू येत नाहीत. खोलीचं दार लागलं. ह्यांचा चेहरा बघवेना.

दुकानदाराला फोन केला, तर त्याने आणखी मोठा ॲम्प्लिफायर सुचवला. नशीब, तेवढ्यात हुबळीहून भाचा आला. तो या विषयातला दर्दी. त्याने पैसे नाही, टेप मागितली.

"मामी, दुकानाचा हॉल केवढा होता? आणि आपला दहा बाय चौदा!" तो म्हणाला. भिंतीला, त्यातही कोपऱ्याला चिकटलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो आणि त्याखाली शब्द दबतात. ऐकणारा भिंतीला टेकला असेल, तर त्याच्याही कानाशी खर्ज साचतो. बारीक सूर मात्र सरळ रेषेत जातात. ते सोडणारा छोटा ट्वीटर जमिनीपासून तीन फुटांवर, आणि खाली बसलेल्या अव्वांचे कान त्याच्या बरेच खाली. शब्दातले स, त, च कळतात ते या बारीक सुरांमुळेच, आणि वयानुसार आधी कमी ऐकू येतात तेही हेच. म्हणजे अव्वांचं बरोबर होतं, आमचीच मांडणी चुकली होती!

पण स्पीकर पुढे घ्यायचे तर शोकेस हलवायला हवी. त्यात अप्पांचे भजनी मंडळाचे कप आणि फोटो. हात कोण लावणार? आम्ही कुजबुजत होतो, तर अव्वा दारात येऊन म्हणाल्या, "माझ्या खोलीत ठेवा की!"

मग स्पीकर मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे आणि बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट आत घेतले. दोघांमध्ये सहा फूट आणि अव्वांची वेताची खुर्चीही प्रत्येकापासून सहा फुटांवर. झाला त्रिकोण. स्पीकरची तोंडं किंचित खुर्चीकडे वळवली. मग भाच्याने मला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला लावला. खुर्चीतून जिथे स्पीकर आरशात दिसला, तिथे जाड पडदा सोडला, कारण तिथूनच आवाज उलटून कानावर येतो. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरली.

तरी गळा मधोमध उभा राहीना. जुनं मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे आवाज बरोबर मध्यातून यायला हवा. पाहिलं तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी ह्यांनीच उलट्या जोडलेल्या!

वायरी बदलल्या. अव्वा खुर्चीत बसल्या. वचन सुरू झालं. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलू लागले. "ईग केळस्तद नोडु," आता ऐकू येतंय बघ, एवढंच त्या म्हणाल्या. हे उगाचच वायरी तपासत खाली वाकले.

मैत्रिणींनो, घरात असा खर्च निघालाच, तर आपल्या आवडीची सीडी दुकानात घेऊन जा आणि आपल्या खोलीचं माप खिशात ठेवा. लहान खोलीला लहान स्पीकरही पुरतात. आणि ऐकणारं माणूस कुठे, किती उंचीवर बसतं, ते आधी बघा.

आमच्याकडे आता संध्याकाळी सातला वेताची खुर्ची कुणी अडवत नाही.