कळसूबाईला ६० लिटरची सॅक कशाला? ट्रेकची बॅग घेताना लिटरआधी पाठ मोजा

पावसाळा सुरू झाला की शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघालेल्या बस आणि जीप पहाटे बारी गावात येऊन थांबतात. अकोले तालुक्यातले हे गाव म्हणजे कळसूबाईचा पायथा. १,६४६ मीटर उंचीचे राज्यातले सर्वोच्च शिखर गाठायचे आणि दुपारी खाली येऊन गावातच जेवायचे, एवढाच बहुतेकांचा बेत असतो. पाठीवरच्या सॅक पाहिल्या तर मात्र मंडळी आठवडाभरासाठी निघाली आहेत असे वाटावे.

हा नुसता हौसेचा मामला असता तर सोडून देता आला असता. पण कळसूबाईच्या उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत आणि शनिवार-रविवारी तिथे रांग लागते. खांद्यांपेक्षा रुंद सॅक, तिला आडवी बांधलेली मॅट, बाजूला लोंबणारी बाटली हे सगळे कठड्याला किंवा उतरणाऱ्या माणसाला घासते. सपाटीवर आठ-दहा किलो वजन फारसे जाणवत नाही, कारण माणूस आपोआप पुढे झुकतो. शिडीवर तसे झुकायला जागा नसते. वजन पाठीपासून जितके लांब, तितके ते मागे खेचते, आणि पायाखाली ओला लोखंडी गज असतो. रतनवाडीकडून रतनगडावर जातानाही अशाच शिड्या लागतात. तिथेही तेच.

मग मोठी सॅक येते कुठून? बऱ्याचदा ग्रुपवर फिरणाऱ्या सामानाच्या यादीतून. ट्रेक कुठलाही असो, यादी तीच: ‘५० ते ६० लिटरची सॅक’. दुसरे कारण, ‘पुढे हिमालयात गेलो तर उपयोगी पडेल’. हिमालय राहतो बाजूला आणि ती सॅक दर महिन्याला सह्याद्रीत फिरते. शिवाय मोठी सॅक कधी रिकामी राहत नाही. जागा दिसली की जास्तीची जीन्स जाते, घरचे आणखी एक डबा सरकवतात.

लिटर म्हणजे नेमके काय?

लिटर हे बॅगेचे वजन नव्हे, तिच्या आतली जागा. ५० सेंटीमीटर उंच, ३० रुंद आणि २० खोल खोक्यात ३० लिटर मावतात. एका दिवसाच्या ट्रेकला लागते काय? तीन लिटर पाणी, डबा, रेनकोट, कोरडा टी-शर्ट, टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी. हे सगळे १५ लिटरच्या आत बसते. म्हणजे कळसूबाईसाठी २० ते २५ लिटरची बॅग पुरून उरते. वजन वाचवायचे म्हणून पाणी मात्र कमी करू नये. तीन लिटर पाण्याचे तीन किलो होतात, पण वाटेत ते संपतेही. बॅगेचे स्वतःचे वजन संपत नाही, आणि मोठी सॅक रिकामी असतानाच दीड-दोन किलो भरते.

मुक्काम असेल तर हिशेब बदलतो, पण वाटतो तितका नाही. हरिश्चंद्रगडावर पाचनईच्या वाटेने जाणाऱ्यांना गावात आणि गडावरही जेवण मिळते, तंबू भाड्याने मिळतात. भंडारदऱ्याच्या काठावरच्या कॅम्पमध्ये तर अंथरूण-पांघरुणाचीही सोय असते. तिथे ३० ते ३५ लिटर पुष्कळ झाले. सोय आधी फोन करून पक्की करावी, एवढेच. त्यात स्थानिक कुटुंबाला चार पैसे मिळतात, हा काही छोटा फायदा नाही.

साम्रदच्या सांदण दरीत तर मोठी सॅक सरळ अडचण होते. काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतात, पाण्यातून जाताना सॅक डोक्यावर धरावी लागते. ५० लिटरला खरा अर्थ आहे तो अलंग-मदन-कुलंगसारख्या दोन-तीन दिवसांच्या मोहिमेत, जिथे दोर, शिधा, भांडी आणि अंथरूण सोबत न्यायचे असते.

खरे माप पाठीचे

दुकानात पहिला प्रश्न ‘किती लिटरची?’ असा येतो. तो दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न पाठीच्या लांबीचा. मान खाली वाकवली की तिच्या मुळाशी एक हाड ठळकपणे हाताला लागते. तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत कोणाकडून तरी टेपने मोजून घ्यावे. बहुतेकांचे हे अंतर ४० ते ५० सेंटीमीटरच्या आसपास भरते. उंचीवरून ते ठरत नाही. सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठी वेगळ्या असू शकतात. स्वस्त सॅक बहुधा एकाच मापात येतात आणि लहान पाठीच्या, विशेषतः मुलींच्या, पाठीवर त्या कमरेच्या खाली लोंबतात. मग सगळा भार खांद्यांवर येतो आणि दोष ‘स्टॅमिना’ला दिला जातो.

कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. मोठ्या सॅकमध्ये हा रुंद, गादीचा पट्टाच बरेचसे वजन पेलतो. २०-२५ लिटरच्या बॅगेचा बारीक पट्टा तेवढे काम करत नाही, तो फक्त बॅग हलू देत नाही. जड वस्तू पाठीलगत, खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध येतील अशा ठेवाव्यात. एकूण वजनाचा सर्वसाधारण ठोकताळा असा: एका दिवसाला शरीराच्या वजनाच्या दहा टक्के, मुक्कामाला फार तर वीस. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सहा आणि बारा किलो.

रेन कव्हरवर फार विसंबू नये. अकोल्याच्या पावसात पाणी पाठीकडून झिरपतेच. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कपडे भरले की काम होते.

आणि सॅक रिकामी पाठीवर टाकून आरशात बघून घेऊ नये. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. घरून पाच किलोची पिठाची पिशवी न्यावी, ती आत टाकून दुकानात दहा-पंधरा मिनिटे फिरावे, शक्य असेल तर जिना चढून यावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. नाही म्हणाला तर दुसरे दुकान बघावे.