निवासी डॉक्टरांचे तास आणि समान वागणुकीचा प्रश्न

कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तिचा मृतदेह रुग्णालयाच्या सेमिनार हॉलमध्ये आढळला. सलग ३६ तासांच्या ड्यूटीवर असताना ती तिथे विश्रांतीसाठी गेली होती. त्यानंतर देशभर निदर्शने झाली, महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनीही काम बंद ठेवले. चर्चा मात्र मुख्यतः सुरक्षारक्षक आणि कॅमेरे यांचीच झाली. डॉक्टरला झोपायला सेमिनार हॉल का शोधावा लागला, आणि ३६ तासांची ड्यूटी मुळात का लागली, हे प्रश्न मागे पडले.

पश्चिम बंगाल सरकारचे पहिले उत्तर बोलके होते. शक्यतो महिला डॉक्टरांना रात्रपाळी देऊ नये, अशी सूचना त्या सरकारने काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला आक्षेप घेतला. सवलत नको, समान संधी हवी. सुरक्षा पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले आणि सरकारने ती सूचना मागे घेण्याची तयारी दाखवली. ज्या विभागात प्रशिक्षणार्थींपैकी निम्म्या स्त्रिया आहेत, तिथे त्यांच्या रात्रपाळ्या पुरुष सहकाऱ्यांच्या माथी मारल्या तर थकवा कमी होत नाही, केवळ त्याचे वाटप बदलते. शिवाय तातडीच्या शस्त्रक्रिया रात्रीही होतात. रात्र वगळलेले प्रशिक्षण अपुरेच राहणार.

नियम नाहीत असे नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ मध्येच निवासी डॉक्टरांचे सलग काम सर्वसाधारणपणे १२ तासांहून अधिक असू नये, असे निर्देश दिले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२३ ची नियमावली ‘वाजवी’ तासांची भाषा करते. वाजवी म्हणजे किती, हे मात्र सांगत नाही. आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. त्यात २४ तासांची एक ड्यूटी, दहा-दहा तासांचे पाच दिवस आणि एक सुटी. इतर क्षेत्रांतील कर्मचाऱ्याला हा आकडा धक्कादायक वाटेल. अनेक निवासी डॉक्टरांना तो दिलासा वाटतो.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. प्रसूती रजा नियमाने मिळते, पण रजेवर गेलेल्या निवासी डॉक्टरच्या जागी बहुधा कोणी येत नाही. तिची कामे आधीच दमलेल्या सहकाऱ्यांवर पडतात, आणि रोष व्यवस्थेवर न जाता तिच्यावर जातो. परत आल्यावर तिचे प्रशिक्षण लांबते ते वेगळेच. स्त्री डॉक्टर म्हणजे विभागावरचा भार, हा समज अशा ड्यूटी-तक्त्यांतूनच तयार होतो.

कॅमेरा महिनाभरात बसवता येतो. वाढीव पदांसाठी मात्र राज्यांच्या वित्त विभागाची मंजुरी लागते, आणि मुख्य रखडपट्टी तिथेच आहे.