महाग जागा, स्वस्त जागा आणि आपली मुले



नीटचा निकाल लागला की आमच्या इटारसीच्या शाखा कार्यालयात वेगळीच गर्दी सुरू होते. एरवी बदली, ओव्हरटाइम आणि क्वार्टरचे गळके छप्पर घेऊन येणारे साथी या दिवसांत कॉलेजांची माहितीपत्रके घेऊन येतात. आम्ही स्वतः मॅट्रिक. डॉक्टरकीतले आम्हाला काय कळणार? पण पी. एफ.चा फॉर्म आमच्याच टेबलावर भरला जातो, म्हणून सल्लाही आमच्याकडेच मागितला जातो.

गेल्या मोसमात आमचा एक मालगाडीचा गार्ड आला. (प्रशासनाने २०२२ पासून त्याला 'ट्रेन मॅनेजर' केले आहे. नाव मोठे झाले, ड्यूटी तीच राहिली.) मुलीला नीटमध्ये मध्यम गुण. एका एजंटाने त्याला अभिमत विद्यापीठातल्या एम.बी.बी.एस.च्या जागेचे गाजर दाखवले होते. "भाऊ, पी. एफ. काढतो, जळगावकडचा प्लॉट विकतो, बाकी कर्ज. एवढे पैसे घेतात म्हणजे शिक्षण चांगलंच असणार ना?" असे तो म्हणाला.

या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला आहे.

आधी हिशेब मांडू. बहुतेक अभिमत विद्यापीठांत एम.बी.बी.एस.ची फी वर्षाला वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून पुढे आहे. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. राहणे, जेवण, पुस्तके धरली की आकडा कोटीच्या घरात जातो. आता आपली बाजू बघा. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख झाली. ती मर्यादा गाठणारा पॉइंट्समन किंवा पोस्टमन आम्हाला दाखवा. म्हणजे जन्मभर राबून शेवटी हातात येणारी ग्रॅच्युइटी मुलीच्या एक-दोन वर्षांच्या फीतच संपते. जानेवारी २००४ नंतर नोकरीला लागलेल्यांचे हाल तर याहून वाईट. त्यांना पी. एफ. नाही. एन.पी.एस.मधून शिक्षणासाठी काढता येते ते स्वतः भरलेल्या रकमेच्या पाव हिश्श्यापर्यंत.

आणि सरकारचे औदार्य असे की मुलांचा शिक्षण भत्ता बारावीपर्यंतच. २०२४ पासून तो महिना २८१२ रुपये ५० पैसे झाला आहे. खरा खर्च जिथे सुरू होतो, नेमका तिथे तो थांबतो. २००९-१० च्या रेल्वे अंदाजपत्रकात रेल्वे इस्पितळांना जोडून मेडिकल कॉलेजे काढण्याची घोषणा झाली होती. यादीत नागपूर होते, भोपाळ होते, बिलासपूर आणि खरगपूरही होते. ती कॉलेजे कागदावरून फलाटावर आलीच नाहीत. आली असती तर आज आमचा गार्ड एजंटाच्या दारात उभा राहिला नसता. हा प्रश्न फेडरेशनने सोडता कामा नये, एवढे सांगून पुढे जातो.

तर गार्डच्या वाक्याकडे येऊ. कापड महाग असले की टिकाऊ असेल, चप्पल महाग असली की बरी असेल, हा हिशेब डॉक्टरकीला लागू नाही. डॉक्टर पेशंटवर शिकतो, कॉलेजच्या संगमरवरी फरशीवर शिकत नाही. आपल्या इटारसी-बैतूलचा माणूस इथे बरा झाला नाही की रात्रीच्या गाडीने नागपूरला जातो आणि 'मेडिकल'च्या ओ.पी.डी.त रांग लावतो. ती कंटाळवाणी रांग म्हणजे तिथल्या विद्यार्थ्याची शाळा. जिथे कॉट रिकाम्या, तिथे शिकणार काय? खाजगी कॉलेजांच्या तपासणीतल्या लाचखोरीबद्दल २०२५ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, त्यात नकली पेशंट दाखवल्याचेही आरोप होते. सगळी खाजगी कॉलेजे तशी नसतात, काहींची इस्पितळे खरोखर भरलेली असतात. आणि प्रत्येक सरकारी कॉलेज चांगलेच, असेही आम्ही म्हणत नाही. एकट्या महाराष्ट्रात २०२४ मध्ये दहा नवी सरकारी कॉलेजे सुरू झाली. नव्या ठिकाणी शिक्षक भरले आहेत का, वॉर्ड चालू आहेत का, हे जाऊन बघा. एक दिवसाची रजा टाका. रेल्वेवाल्याकडे पास आहे, टपालवाल्या भावाला तिकीट काढावे लागेल, पण तरी जा. वॉर्डात फिरा, मेसमध्ये एक जेवण घ्या, तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोला. माहितीपत्रकात नसलेले सगळे तिथे कळते.

आता स्वस्त जागेबद्दल. इथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका पॉइंट्समनच्या मुलीला अखिल भारतीय पंधरा टक्के कोट्यातून दक्षिणेतल्या एका सरकारी कॉलेजात जागा मिळाली. फी इतकी कमी की पॉइंट्समनला ती छपाईची चूक वाटली. पण आम्ही चार शहाणे बसलो आणि म्हणालो, भाषा येत नाही, पेशंटशी बोलणार कशी? पोरगी एकटी, दोन रात्रींचा प्रवास. एक वर्ष थांबू दे, पुन्हा परीक्षा देईल. मुलगी जायला तयार होती. तिला कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी तिचे गुण घसरले आणि जागा मिळाली नाही. आज ती नर्सिंग करते आहे. काम उत्तम करते, नर्सला आम्ही कमी लेखत नाही, पण तिला डॉक्टर व्हायचे होते.

भाषेची सबब आम्ही सांगावी हाही विनोदच. खानदेशातून आलेली आपली माणसे सिकंदराबादला तेलुगू बोलतात, हुबळीला कानडी बोलतात. फाटकावर उभा राहिलेला माणूस वर्षभरात भाषा शिकतो, मग वॉर्डात उभी राहिलेली पोर शिकणार नाही?

म्हणून स्वस्त जागेची किंमत रुपयांत मोजू नका, पण किंमत आहे हे विसरू नका. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये शिक्षणाची फी नाही, पण पुढे सैन्यात नोकरी करण्याचा बाँड आहे आणि शरीर तंदुरुस्त लागते. ज्या मुलाला शिस्त आवडते त्याला हे वरदान, ज्याला नाही त्याला कैद. सेवाग्रामचे कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये काढले. तिथे खादी घालावी लागते, खेड्यात जाऊन राहावे लागते. काही पोरे तिथे फुलतात, काहींना पहिल्या महिन्यातच घर आठवते. महाराष्ट्रातल्या सरकारी जागेवर शिकले की एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख भरा, असा बाँड आहे. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, तो फॉर्म भरण्याआधी वाचा. या प्रश्नांची उत्तरे ना आम्ही देऊ शकतो ना बाप. पोरालाच विचारावे लागते.

आपल्यासारख्या परराज्यातल्या मराठी माणसांना आणखी एक अडचण आहे. आम्ही २००३ पूर्वी मध्य रेल्वेचे होतो, मग पश्चिम मध्यचे झालो. मन मात्र भुसावळला. पण महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्याला साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सवलत आहे, पण तिला अटी आहेत. आपले मूल कोणत्या राज्याच्या कोट्यात बसते हे अकरावीच्या आधी बघा. बारावीनंतर बघून उपयोग नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. आर.एम.एस.मधल्या एका साथीचा मुलगा युक्रेनला होता. २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर तो परत आला तेव्हा आम्ही स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. तिथला खर्च खाजगीपेक्षा कमी, हे खरे. पण परत आल्यावर इथली परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच कमी पास होतात. तो खर्चही त्याच हिशेबात धरा.

गार्डला आम्ही हेच सगळे सांगितले. शिवाय हेही सांगितले की अभिमत विद्यापीठाच्या जागेसाठी आधी दोन लाखांची अनामत भरावी लागते, आणि नंतरच्या फेरीत जागा मिळूनही घेतली नाही तर ती जप्त होते. त्यामुळे "भरून तर ठेवू" हा एजंटाचा सल्ला फुकटचा नाही. तो रागावून गेला. दोन दिवसांनी मुलीला घेऊन आला. आम्ही खुर्ची तिला दिली, यादी तिनेच केली. आठ नावे, सगळी सरकारी, त्यात एक त्रिपुराचे. बाप तोंड पाडून बसला होता. तिसऱ्या फेरीत सहाव्या नावावर तिला जागा मिळाली. प्लॉट अजून त्याच्याच नावावर आहे.

पॉइंट्समनचा धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. बाप परवा येऊन म्हणाला, "भाऊ, यंदा काय करायचं?" आम्ही म्हणालो, पोराला पाठव, आणि ताईलाही सोबत आण.