बॅटरी घेताना स्टिकर नको, गिऱ्हाइकाची रात्र बघा

मित्रांनो, चार्जिंग टॉर्च बनवून विकायचं म्हणता आणि पहिला प्रश्न असतो, "सर, सगळ्यात स्वस्त सेल कुठं मिळेल?" माझं स्पष्ट मत आहे, सुरुवात इथून करूच नका. आधी विचारा, गिऱ्हाईक टॉर्च किती तास वापरणार?

आपल्या परभणीत रात्रीची लाइट आली की शेतकरी दारं धरायला निघतो. ३ वॅटचा एलईडी ५ तास चालवायचा म्हणजे १५ वॅट-अवर. सर्किटमध्ये थोडं वाया जातं, १७ धरा.

आता सेलचं गणित. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८६५० साइजचा लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्ट, २.६ अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ९.६. दोन लागतील. ३२६५० साइजचा लिथियम फॉस्फेट सेल ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-अवर, म्हणजे १९.२. एकातच काम भागतं. तो जाड आणि जड आहे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हाच जास्त टिकतो. चार्जर मात्र त्याचाच घ्या, ३.६५ व्होल्टचा. लिथियम-आयनचा ४.२ व्होल्टवाला चालत नाही.

आणि १८६५० सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं तर सरळ दुकानातून उठा. त्या साइजमध्ये एवढी ताकद मावतच नाही.

स्वस्त सेलमध्ये वाचलेले पैसे टॉर्च परत आली की जातात, वर गावात नाव जातं ते वेगळंच. म्हणून आधी दहाच सेल आणा, फुल चार्ज करा, घड्याळ लावून टॉर्च चालवून बघा. मगच शंभरची ऑर्डर द्या.