वाटा शोधताना : पांढरी टोपी, काळा कोट

दोस्तांनो, परतूर तालुक्यातल्या नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. आई प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. मामा म्हणतात, ‘तू वाद घालण्यात पटाईत, वकीलच हो!’ आणि आईला वाटतं, लेकीनं नर्सिंग करून परदेशी जावं. या मैत्रिणीनं कुठंतरी वाचलं, की अमेरिकेत ‘नर्स अॅटर्नी’ असतात, म्हणजे एकाच वेळी नर्सही आणि वकीलही. झालं! दोघांचंही ऐकायची सोय झाली. पण पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, ‘तालुक्याला एक जण भेटले. ते म्हणतात, एकच कोर्स आहे, त्यावर परदेशात नर्स-वकिलाची नोकरी लागते. आई त्यासाठी कर्ज काढायला तयार आहे. काढू द्यायचं का?’

आधी तेवढंच सांगून टाकते. नाही! असा एकच कोर्स नसतो. का नसतो ते आता नीट बघू, कारण नर्स अॅटर्नी मात्र खरोखर असतात.

अमेरिकेत त्यांची एक संघटनाच आहे, १९८२ साली स्थापन झालेली. ही माणसं आधी नर्सिंग शिकतात, बहुतेक जण काही वर्षं वॉर्डात काम करतात, मग कायद्याच्या कॉलेजात जातात. त्यांच्याकडे दोन परवाने असतात. एक नर्सिंग मंडळाचा, दुसरा वकिलीचा. ‘नर्स अॅटर्नी’ असा तिसरा, वेगळा परवाना कुठंच मिळत नाही. दोन गोष्टी एका माणसात जमल्या, की त्याला ते नाव पडतं, इतकंच.

आणि ते करतात काय? समजा, एका पेशंटचं ऑपरेशन झालं, रात्री तब्येत बिघडली आणि घरच्यांनी दावा लावला. कोर्टापुढं येतो तो केसपेपर, दोन-तीनशे पानांचा! साध्या वकिलाला तो वाचायचा म्हणजे दुसऱ्या भाषेतलं पुस्तक वाचायचं. पण वॉर्डात राहिलेली नर्स काय बघते? रात्री दहाला बीपी लिहिलंय, बाराला लिहिलंय आणि दोनच्या रकान्यात काहीच नाही. चारला एकदम बीपी उतरलेलं. मग दोन वाजता काय झालं? सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे धावली होती का? एका सिस्टरवर तेव्हा किती पेशंट होते? सलाईन किती गेलं आणि लघवी किती झाली, यांचा मेळ बसतो का? दहा आणि बाराच्या नोंदी एकाच शाईनं, एकाच दमात सकाळी बसून लिहिल्यासारख्या तर दिसत नाहीत ना? असे प्रश्न तिलाच सुचतात. सिस्टरनं दोन वाजता पेशंटला पाहिलं असेलही, पण लिहिलं नसेल तर कोर्टात ते सिद्ध करताना नाकीनऊ येतात. कधी ही वकीलबाई पेशंटच्या बाजूनं उभी राहते, तर कधी विनाकारण दोष आलेल्या नर्सच्या बाजूनं. कधी हॉस्पिटलातच बसून, असे घोटाळे होऊ नयेत म्हणून नियम लिहून देते.

(आई ड्युटीवरून आली की तिला विचार, नोंदी कशा ठेवतात. हे वाचून ती हसेल आणि तुला अर्धा तास समजावेल, बघ!)

आता मुख्य गाठ. पदवी वेगळी आणि परवाना वेगळा, हे आपल्याकडे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. पदवी म्हणजे तुम्ही शिकलात याचा कागद. तो तुमचा, जाल तिथं बरोबर येतो. परवाना म्हणजे ‘आमच्या मुलखात हे काम करायला आमची हरकत नाही’ असं तिथल्या लोकांनी म्हणणं. तो तिथंच राहतो. सीमा ओलांडली, की पुन्हा मागायचा.

हे समजायला अमेरिका कशाला हवी? जालन्याहून सिंदखेडराजा किती लांब? एसटीत बसलात की तासाभरात उतराल. पण एके काळी या दोन गावांमध्ये राज्याची हद्द होती. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कोर्टाचा कारभार उर्दूत, हायकोर्ट हैदराबादला, नाणंसुद्धा वेगळं, हाली सिक्का. सिंदखेडराजा वऱ्हाडात, इंग्रजांच्या कारभाराखाली. तिकडचं हायकोर्ट १९३६ पासून नागपूरला. तिकडच्या वकिलाला इकडच्या कोर्टात उभं राहायचं तर इकडची परवानगी हवी आणि उर्दूही हवी. ताप मात्र दोन्हीकडे सारखाच चढायचा! म्हणून नर्सिंगचं शिक्षण सीमेपलीकडे त्यातल्या त्यात सहज जातं आणि कायद्याचं अडखळतं. माणसाचं हृदय परतूरला जसं, तसंच न्यूयॉर्कला. कायदा मात्र प्रत्येक मुलखाचा आपापला.

आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट माहीत आहे? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तिथली कायद्याची मोठी परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण तेव्हा ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. परीक्षा १८९२ ची, पदवी हातात पडली १९२२ साली! भारतात येऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरी बाई म्हणून सनद नाही. मग १९०४ पासून त्यांनी सरकारी नोकरीत राहून, पडद्यात राहणाऱ्या बायकांच्या इस्टेटींचं कायदेशीर काम पाहिलं. बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला १९२३ साली, तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती.

त्यांच्याच काळातल्या डॉ. रखमाबाई बघा. लहानपणी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या मुंबईच्या कोर्टात लढल्या, १८८९ साली विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि लगेच कामाला लागल्या. सुरतला त्यांनी बायकांवर उपचार केले. दोघीही विलायतेत शिकलेल्या. एकीला दवाखान्याचं दार उघडं मिळालं, दुसरीला कोर्टाचं दार उघडायला तीस वर्षं लागली.

बरं, आता आजचं. नर्सिंगसाठी आपल्याकडे दोन मुख्य रस्ते आहेत. जी.एन.एम. ही पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. दोन्हीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. पण आमच्या या मैत्रिणीसाठी दोन्हींत फार मोठा फरक आहे! तीन वर्षांच्या एल्‌एल.बी.ला प्रवेश घ्यायचा तर हातात पदवी लागते. जी.एन.एम.ची पदविका तिथं चालत नाही. म्हणजे वकिलीही मनात असेल, तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बी.एस्सी. नर्सिंगच करावं. ज्यांचं जी.एन.एम. आधीच झालंय, त्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. (मैत्रिणीच्या आईनंही हे वाचावं.) आणि हो, कायद्याची पदवी घरबसल्या, टपालानं घेतलेली चालत नाही. कॉलेजात हजेरी लावावीच लागते.

अमेरिकेत नर्स व्हायचं तर ज्या राज्यात काम करायचं, तिथलं नर्सिंग मंडळ तुमची कागदपत्रं तपासतं. इंग्रजीची परीक्षा आणि मग ‘एन्‌क्लेक्स’ नावाची संगणकावरची परीक्षा. ती भारतातल्या केंद्रावरही देता येते. अवघड आहे, पण पास होणाऱ्या भारतीय नर्सेस पुष्कळ आहेत. खरी अडचण पुढं, व्हिसाची. तिकडे कायम राहण्याची परवानगी मागणाऱ्या भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही.

वकिलीचं कसं? बहुतेक राज्यं म्हणतात, आमच्याच कॉलेजातली तीन वर्षांची पदवी आणा. ती भयंकर महाग असते. पण दोन मोठी राज्यं जरा मोकळी आहेत. न्यूयॉर्क तुमच्या परदेशी पदवीची वर्षं आणि विषय तपासतं. आपला कायदा इंग्रजी वळणाचा, त्यामुळं आपल्याला थोडं सोपं जातं. काही कमी पडलं तर तिथं वर्षभराचं एल्‌एल.एम. करायला लावतात. आणि कॅलिफोर्निया विचारतं, ‘तुम्ही आपल्या देशात वकील म्हणून नोंदलेल्या आहात का?’ असाल, तर थेट त्यांच्या परीक्षेला बसा. इंग्लंडनं २०२१ पासून सॉलिसिटरसाठी सगळ्यांना एकच परीक्षा ठेवली आहे, परदेशी वकिलांनाही तीच. आखाताचं वेगळंच! दुबईच्या दवाखान्यात इंग्रजीवर निभावतं, पण तिथल्या बहुतेक कोर्टांचं काम अरबीत चालतं. आठवली ना जालन्याची उर्दू?

आणि गंमत बघा. अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक राज्यांनी आपसात करार केलाय, की एका राज्याचा नर्सिंग परवाना दुसरीकडेही चालेल. पण २०२५ सालापर्यंत तरी न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्या करारात नव्हती! परदेशी वकिलाला जी दारं किलकिली, तिथंच नर्सला वेगळा अर्ज.

पण सगळ्यात मोठी मेख आपल्याच घरी आहे. मुंबईचे एक सर्जन, डॉ. हनिराज चुलानी. १९७० पासून डॉक्टरी करत होते. पुढं त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे अर्ज केला, ‘मला वकील म्हणून नोंदवून घ्या.’ डॉक्टरी मात्र सोडायची नव्हती. कौन्सिलनं नाही म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६ साली निकाल लागला, कौन्सिलच्या बाजूनं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की वकिली पूर्ण वेळ मागते. दुसरा व्यवसाय चालू ठेवून ती करता येणार नाही. आपण दोन दगडांवर पाय म्हणतो ना, तसंच. शिवाय वकिलानं कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू नये, असाही बार कौन्सिलचा नियम आहे.

मला हा नियम अर्धाच पटतो. ऑपरेशन टेबलावर पेशंट आणि कोर्टात पुकारा, दोन्ही एकाच वेळी आले तर माणूस कुणाकडे जाणार, हे खरंच आहे. पण शरीर आणि कायदा दोन्ही जाणणारी माणसं देशात फार थोडी आहेत, हेही खरं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पैसे घेऊन केलेले औषधोपचार ग्राहक कायद्याखाली येतात. तेव्हापासून असे दावे जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात. जालन्यातही जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तो तीनशे पानांचा केसपेपर इथंही कुणाला तरी वाचावा लागतो!

म्हणजे, मैत्रिणी, भारतात तुला दोन्ही शिकता येईल, पण नर्सची नोकरी आणि वकिलीची सनद एका वेळी चालवता येणार नाही. अमेरिकेत दोन्ही परवाने एकत्र ठेवता येतात. आता जोडून बघ. कॅलिफोर्नियाला भारतातली सनद दाखवायची, तर त्यासाठी इथली नर्सची नोकरी आधी सोडावी लागेल. आणि वॉर्ड सुटून फार वर्षं झाली, तर तिकडची काही नर्सिंग मंडळं विचारतात, ‘अलीकडे काम कुठं केलंत?’ म्हणून क्रम चुकवून चालत नाही. आधी बी.एस्सी. नर्सिंग, मग दोन-तीन वर्षं वॉर्ड. परदेशचा नर्सिंग परवाना हवा असेल तर त्याची परीक्षा याच काळात, हात चालता असताना. मग इथली एल्‌एल.बी. आणि नोंदणी, किंवा तिकडे पोचून, कमवत, तिथलं शिक्षण. मधली एक पायरीही आहे. अमेरिकेत काही अनुभवी नर्सेस वकिलांना केसपेपर समजावून देण्याचं काम करतात. त्याला वकिलीचा परवाना लागत नाही. पण तिथं सल्ला वकिलाचा, सही वकिलाची. त्या स्वतःला वकील म्हणवत नाहीत.

वर्षं मोज. आज नववी. बारावी, मग चार, मग दोन-तीन, मग तीन. तिशीजवळ पोचशील. घाबरलीस? कॉर्नेलियाबाईंचा हिशेब पुन्हा एकदा बघ.

आणि आता आईशी दोन शब्द. सिस्टर, त्या तालुक्याच्या गृहस्थांना एवढंच विचारा, ‘या कोर्सनंतर परवाना कोणतं मंडळ देणार? त्याचं नाव लिहून द्या.’ नर्सिंगच्या कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का आणि कायद्याच्या कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का, हे पैसे भरायच्या आधी स्वतः बघा. आखातासह काही देशांत जाणाऱ्या नर्सेसची भरती २०१५ पासून सरकारनं ठरवलेल्या संस्थांमार्फतच होते, तेव्हा तिकडचं नाव घेणाऱ्यालाही हाच प्रश्न. कर्ज काढायचंच झालं, तर बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगच्या फीपुरतं काढा. लेक अजून नववीत आहे. यंदा तिला शास्त्राची आणि इंग्रजीची वही नीट लिहू द्या, आणि मामांशी वादही घालू द्या.