दिवाभीतांचा चष्मा

घुबडाला आपल्या भाषेत 'दिवाभीत' असे एक भारदस्त नाव आहे. दिवसाला भ्यालेला तो दिवाभीत. हे नाव त्या पक्ष्यापुरतेच राहिले असते तर प्रश्न नव्हता. परंतु माणसांतही दिवाभीत पुष्कळ असतात, आणि त्यांना घुबडाप्रमाणे दिवसभर ढोलीत बसून राहता येत नाही. त्यांना कचेरी असते, मुलांची शाळा असते आणि हल्ली स्वतः चालवायची मोटारही असते. कोणी खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला सारला की त्यांचे डोळे गच्च मिटतात. उन्हात दोन पावले टाकली की डोळ्यांना पाणी येते. समोरच्या मोटारीच्या काचेवरून उन्हाची एक तिरीप आली तरी कपाळात कळ जाते. इतरांना हा सारा नाजूकपणा वाटतो. ज्याचे त्यालाच ठाऊक!

असा माणूस चष्म्याच्या दुकानात गेला म्हणजे म्हणतो, "तुमच्याकडचा सगळ्यात काळा गॉगल दाखवा." उजेडाचा त्रास, तेव्हा काळोख हे त्यावर औषध, असा त्याचा सरळ हिशेब असतो. मोटार चालवणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब जिवावर बेतू शकतो, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखप्रपंच.

आमच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापिकाबाईंना अर्धशिशीचा जुना विकार आहे. त्यांची आई पनवेलला एकटी राहते. दर शनिवारी बाई मोटार घेऊन पनवेल गाठतात आणि सोमवारी सकाळी द्रुतगती मार्गाने निघून पुण्याला तासावर हजर होतात. पुणे पनवेलच्या आग्नेयेला, आणि दिवाळीच्या सुमारास सूर्यही आग्नेयेकडे सरकून उगवतो. त्यामुळे सकाळच्या प्रवासात तो बराच वेळ समोरच्या काचेत ठाण मांडून बसलेला. बाईंनी काळाकुट्ट गॉगल घेतला. उघड्या रस्त्यावर त्यांना स्वर्ग दोन बोटे उरला. परंतु कामशेतच्या बोगद्यात शिरल्यावर मागचे दिवे बंद असलेला एक ट्रक त्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसला. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावले. त्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "सर, आता गाडी बंद. आईला सांगते, महिन्यातून एकदा बसनं येत जाईन." म्हणजे एका गॉगलापायी म्हातारीचे महिन्यातले तीन शनिवार गेले!

यात डोळ्यांचा दोष नव्हता. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. भर उन्हातून अंधारात शिरलेल्या डोळ्यांना मात्र पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि पहिले काही सेकंद तर ते निव्वळ चाचपडत असतात. त्यात आणखी काळी काच! म्हणून बोगदा दिसताच वेग कमी करावा आणि तोंडाशी पोहोचण्यापूर्वीच गॉगल उतरवावा. ज्यांच्या गॉगललाच नंबर आहे, त्यांची येथे पंचाईत होते. गॉगल काढला की नंबरही गेला. अशांनी नेहमीच्या चष्म्यावर बसणारी, बोटाने वर उचलता येणारी काळी झडप घ्यावी. दिसायला ती तितकीशी रुबाबदार नसते, पण बोगद्यात कोण पाहतो?

आता काळेपणाचे माप. गॉगलच्या काचांसाठी 'आयएसओ १२३१२-१' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात काचांचे शून्य ते चार असे पाच वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गाची काच १८ ते ४३ टक्के प्रकाश आत सोडते, तिसऱ्या वर्गाची ८ ते १८ टक्के आणि चौथ्या वर्गाची अवघा ३ ते ८ टक्के. चौथा वर्ग हिमशिखरांवर चढणाऱ्यांसाठी; तो घालून वाहन चालवू नये, असे त्या मानकातच बजावले आहे. आपल्या कडक उन्हाला तिसरा वर्ग पुरतो, आणि ढगाळ दिवशी दुसरा. चांगल्या गॉगलच्या काडीवर आतून किंवा सोबतच्या चिठ्ठीवर हा आकडा असतो. शिवाय मोटारीची स्वतःची काचही थोडा उजेड अडवतेच. पुढच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. समजा, पुढची काच ७० टक्क्यांची आणि गॉगल १५ टक्क्यांचा असेल, तर डोळ्यांपर्यंत पोहोचतो सुमारे साडेदहा टक्के प्रकाश. तेथेच ५ टक्क्यांचा गॉगल चढवला तर उरतो साडेतीन टक्के. एवढ्या उजेडात झाडाच्या सावलीत उभा असलेला सायकलवाला कसा दिसावा?

काळेपणा आणि संरक्षण या दोन गोष्टींची गल्लत तर सर्रास होते. उन्हातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि नुसत्या रंगाने अडतही नाहीत. काच फक्त रंगवलेली असेल तर तिच्याआड बाहुली मोठी होते आणि ते किरण आत शिरायला उलट दार उघडे मिळते. म्हणून 'यूव्ही ४००' असे लिहिलेली काच विश्वासाच्या दुकानातून घ्यावी. हा गुण फिकट काचेतही असू शकतो.

मग उजेडाने बेजार झालेल्याने करावे काय? त्याला खरोखर कोणता उजेड छळतो, ते आधी पाहावे. बहुतेक वेळा तो आकाशातला नसतो. ओल्या रस्त्यावरून, बॉनेटवरून, पुढच्या मोटारीच्या पाठीवरून उसळणारा असतो. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूस नावाच्या शास्त्रज्ञाने समोरच्या लक्झेंबर्ग प्रासादाच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य एका स्फटिकातून पाहिला, आणि स्फटिक फिरवताच ती चमक कमीजास्त होते असे त्याच्या ध्यानात आले. परावर्तित प्रकाशाची कंपने एका विशिष्ट दिशेत जास्त असतात, हे त्यावरून कळले. रस्त्यासारख्या सपाट पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशात ती मुख्यतः आडवी असतात. १९२९ साली एडविन लँड या अमेरिकी संशोधकाने असा प्रकाश गाळणाऱ्या पातळ पट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि आजचा 'पोलराइज्ड' गॉगल तिचाच वंशज होय. तो आडवी कंपने अडवतो आणि बाकीचा उजेड बराचसा येऊ देतो. प्रकाशाला भिणाऱ्या चालकाला इतका उपयोगी गॉगल दुसरा नाही.

तो खरा की खोटा, हे दुकानातच पाहता येते. लॅपटॉपच्या उजळ पडद्यासमोर धरून गॉगल हळूहळू फिरवावा. एका स्थितीत पडदा काळवंडला तर माल खरा. त्याची खोडही सांगून ठेवतो. मोटारीतील काही पडदे त्यातून अंधुक दिसतात आणि पुढच्या गाडीच्या मागील काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटते. समोर आलेल्या प्रत्यक्ष सूर्यबिंबावर मात्र त्याची विशेष मात्रा चालत नाही. तेथे डोक्यावरची झडपच खाली ओढावी.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा मोह पुष्कळांना पडतो. पायी फिरताना त्या छान. परंतु त्या मुख्यतः अतिनील किरणांनी काळवंडतात, आणि मोटारीची पुढची काच ते किरण बाहेरच अडवते. त्यामुळे नेमक्या गाडीत त्या बहुधा फिकटच राहतात. रंग घ्यावा तर राखाडी किंवा तपकिरी. गडद निळ्या-लाल काचांतून सिग्नलचे रंग फसवतात. चौकट मोठी, चेहऱ्यालगत बसणारी असावी, म्हणजे वरून आणि बाजूने उजेड शिरत नाही. पण काड्या रुंद नसाव्यात, नाहीतर शेजारून येणारी स्कूटर त्यांच्याआड लपते.

रात्रीसाठी म्हणून पिवळे चष्मे विकले जातात. समोरच्या दिव्यांनी त्रासलेला माणूस ते आशेने घेतो. बॉस्टनच्या शेपन्स नेत्र-संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अशा चष्म्यांनी रस्त्यावरचा पादचारी अधिक चांगला दिसतो असे काही आढळले नाही. सूर्य मावळला की रंगीत काच खिशात गेली पाहिजे. त्यापेक्षा मोटारीची काच आतून पुसावी. तिच्यावरचा धुरकट थर प्रत्येक दिव्याचे झुंबर करतो, आणि फडक्याला पैसे पडत नाहीत.

आणखी एक सवय घातक. उजेड सोसत नाही म्हणून काही मंडळी घरातही काळा चष्मा लावून बसतात. त्याने डोळे काळोखाला सरावतात आणि पुढे साधा दिवाही बोचू लागतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रकाश न सोसणे हे पुष्कळदा दुसऱ्या कशाचे तरी लक्षण असते. अर्धशिशी, डोळ्यांचा कोरडेपणा, बुबुळावरचा ओरखडा, डोळ्याच्या आतला दाह, मोतीबिंदू अशी अनेक कारणे असतात. हा त्रास एकाएकी सुरू झाला, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. तपासणीत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात, तेव्हा परतताना गाडी चालवायला दुसऱ्या कोणाला तरी न्यावे. आमच्या बाई अखेर गेल्या. अर्धशिशीच्या जोडीला डोळे कोरडे पडल्याचे निघाले. आता थेंब चालू आहेत, तिसऱ्या वर्गाची पोलराइज्ड झडप चष्म्यावर आहे, आणि सोमवारचा पहिला तास त्यांनी दुपारी सरकवून घेतला आहे, म्हणजे निघेपर्यंत सूर्य बराच वर आलेला असतो. आईचे शनिवार शाबूत आहेत.

या भाऊबीजेला बहिणीला गॉगल ओवाळणीत घालण्याचा कोणाचा बेत असेल, तर बंद डबी हाती देऊ नये. तिला दुकानात न्यावे, गॉगल डोळ्यांवर चढवून दारात उन्हात उभे करावे आणि समोरच्या फुटपाथवर सावलीत कोण उभे आहे, ते विचारावे. तिला तो माणूस नीट दिसला, तरच पैसे मोजावेत.