डिकीतला लाल सिलिंडर

पेट्रोल पंपावरचा मीटर पळताना बघितलाय ना? आकडे वर जातात तसतसा आपला चेहरा खाली येतो. त्यात महिन्याची वीस तारीख असेल तर विचारूच नका! अशाच एका वीस तारखेला ऑफिसमधल्या मित्रानं टीप दिली, 'अरे, गॅसवर चालणारी सेकंडहॅण्ड व्हॅन आहे. पेट्रोलचं टेन्शनच खल्लास!'

रविवारी बाबांना घेऊन गाडी बघायला गेलो. व्हॅन एकदम चकाचक, किंमतही आवाक्यातली. बाबांनी मात्र थेट मागचं दार उघडलं. आत आडवा पडलेला, आपल्या ओट्याखाली असतो तोच लाल सिलिंडर! आणि त्याच्या पुढच्याच सीटवर लहान मुलाची वॉटरबॅग. 'काही होत नाही हो काका, चार वर्षं चालवतोय,' मालक म्हणाले. बाबा मला एवढंच म्हणाले, 'चल.'

तेव्हा चिडलो, पण घरी आल्यावर जरा माहिती काढली. एलपीजीवर गाडी चालवणं मुळीच बेकायदा नाही. २००० साली मोटार वाहन कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि २००६मध्ये वॅगन आर ड्युओ तर कंपनीतूनच गॅसची टाकी घेऊन आली. बेकायदा आहे तो स्वयंपाकाचा सिलिंडर. गाडीच्या टाकीत ८० टक्के गॅस भरला की भरणं आपोआप थांबतं, कारण उन्हात गॅस फुगतो. पाइप तुटला तर प्रवाह रोखणारा व्हॉल्व्हही असतो. लाल सिलिंडरला यातलं काहीच नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचून राहतो. मग एक ठिणगी पुरे.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशांचं. एका लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा साधारण २० ते २५ टक्के कमी ऊर्जा असते. म्हणजे पेट्रोलवर १५ किलोमीटर धावणारी गाडी गॅसवर जेमतेम १२ धावणार. त्यामुळे नुसता लिटरचा भाव बघून हुरळू नका, किलोमीटरचा खर्च काढा. समजा, किलोमीटरमागे २ रुपये वाचले आणि किटला ३० हजार लागले, तर पैसे वसूल व्हायला १५ हजार किलोमीटर हवेत. महिन्याला ७५० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी २० महिने लागतील. तुमचं रनिंग याहून कमी असेल, तर पेट्रोलच बरं! आणि घराजवळ ऑटो एलपीजीचा पंप आहे का, हे आधी बघा. नाहीतर गॅस भरायला जाण्यातच बचत संपायची.

किट बसवायचंच असेल तर मान्यताप्राप्त घ्या, अधिकृत सेंटरमधूनच बसवा, आरसी बुकवर नोंद करा आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा. ठरलेल्या मुदतीत टाकी तपासून घ्यायला विसरू नका. सेकंडहॅण्ड गाडी घेताना तर रंग नंतर बघा, आधी आरसी आणि डिकी!

त्या रात्री झोपताना बाबांनी नेहमीप्रमाणे हाक मारली, 'रेग्युलेटर बंद केलास का रे?' लहानपणापासून या प्रश्नाला मी पडल्यापडल्याच 'हो' म्हणत आलोय. त्या दिवशी मात्र उठलो आणि खरंच बघून आलो.

चालूच होता.